पथ्याची भाकर

कॉलेजात असताना माझ्या मानेवर मागच्या बाजूनं एक काळा पट्टा उमटला आणि मायनं तो मळ समजून घासायला घेतला. दर रविवारी ती मला न्हाणीतल्या दगडावर बसवायची, एका हातानं वेणी वर धरायची आणि पाय घासायच्या वजरीनं मान घासायची. कातडी सोलपटून निघायची, घामानं दिवसभर आग व्हायची, पट्टा मात्र हलायचा नाही. "एवढी कॉलेजात जाते, पण इच्या मानेचा मय काही जात नाही," असं ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. दोष पोरीचा आहे, घराचा नाही, हे वस्तीला कळलेलं बरं, असा तिचा हिशेब.

मळाशी तिचं जुनं वैर होतं. आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा ती लहान होती. त्या दिवसांची तिची आठवण म्हणजे तिच्या आईनं तिला नाल्यावर नेऊन राखेनं घासून काढलं, ही. गावानं पिढ्यान्‌पिढ्या मळके म्हणून लांब ठेवलेल्या माणसांनी ठरवलं होतं की यापुढे कोणाला तसं म्हणायला जागा द्यायची नाही. हे मला पुढे कळलं. तेव्हा मला फक्त मान दुखायची आणि संताप यायचा, आणि संताप आला की मी आणखी खायचे. चहात बुडवून पोळी, तेल-साखर लावून पोळी, वर भात. आमच्या घरी खायला कोणी कधी नाही म्हटलं नाही, आणि पोळीला तर मुळीच नाही.

पुढे डी.एड. करून मी राळेगावच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकवायला लागले. आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी नाव आणि गळ्यात टाय असलेली कोणतीही शाळा. गावाहून एसटीनं रोज जाऊन-येऊन करायचे. तोवर माझी पाळी महिनोन्‌महिने गायब व्हायला लागली होती. वजन वाढत होतं, हनुवटीवर केस आले होते, ते मी आरशासमोर चिमट्यानं उपटायचे आणि ते दुप्पट जोमानं परत यायचे. दुपारी जेवल्यावर वर्गात उभ्या उभ्या डोळे मिटायचे. हे सगळं मायला वर्षभर दिसत होतं. मग एक दिवस हापशीवर एका बाईनं तिला विचारलं, "पोरीले उलट्या-बिलट्या तं होऊन नाही राह्यल्या?" मायनं अर्धी भरलेली घागर तिथंच ठेवली, घरी आली आणि मला म्हणाली, "उद्या यवतमाळले चाल." म्हणजे मला दवाखाना दाखवला तो माझ्या आजारानं नाही, त्या बाईच्या तोंडानं. याचा राग मला बरीच वर्षं पुरला.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर त्यांनी मायकडे पाहिलं, माय भिंतीकडे पाहत होती. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. दुपारनंतर त्यांनी आम्हाला परत आत बोलावलं आणि समजावून सांगितलं. पीसीओडी आहे, बऱ्याच मुलींना असतो. शरीरात इन्सुलिन तयार होतं पण शरीर त्याचं ऐकत नाही, म्हणून ते आणखी तयार होतं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिननं बाकी सगळं बिघडतं, पाळी, वजन, केस.

"म्हणजे साखरेचा बिमार?" मायनं विचारलं.

"अजून नाही. असंच चालू राहिलं तर होईल."

मग त्यांनी माझी वेणी बाजूला केली आणि मानेवर बोट ठेवलं. "हे कधीपासून आहे?"

"मय हाये मॅडम थो," माय घाईनं म्हणाली. "लय घासतो मी, जातच नाही."

"हा मळ नाही. इन्सुलिनमुळे येतं हे, आतून. घासू नका, जखम होईल. आणि तुमचीही मान बघू."

मायनं पदर मानेभोवती ओढून घेतला. डॉक्टरीणबाईंनी तरी पाहिलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "तुम्हीही साखर तपासून घ्या. घराण्यात असतं हे."

"मले काय झालं? मी वावरात काम करतो," माय म्हणाली आणि उठलीच.

माफी मागायची तिची एकच रीत होती. बसस्टँडवर तिनं मला बालुशाही घेऊन दिली. मी ती कागदातच ठेवली. एवढी वर्षं नुसती घासलीस, एकदा तरी कोणाला विचारायचं होतंस, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ती खिडकीबाहेर बघत बसली होती आणि मला तिची कीवही येत होती. कीव आणि राग एकदम आले की मला बोलता येत नाही. बालुशाही शेवटी बाबांनी खाल्ली.

आता पथ्य. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पोळी कमी, भात बंद, साखर बंद. त्याऐवजी ओट्स, ब्राऊन राइस, ब्रोकोली, सॅलड, ग्रीन टी. हे सगळं त्या अगदी सहज म्हणाल्या, जणू मी त्यांच्या दवाखान्यामागच्या गल्लीत राहते. आमच्या गावच्या बाजारात वांगी, टमाटर, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि हिवाळ्यात पालक मिळायचा. ओट्स म्हणजे काय, हे किराणेवाल्यानं मलाच विचारलं. मी यवतमाळहून एक डबा आणला आणि चुलीवर शिजवला. मायनं पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे तं ढोराची चुनी हाये." खरं सांगायचं तर चव तशीच होती. डबा संपला आणि मी परत आणला नाही.

मग मी माझ्या मनानं काही दिवस नुसती काकडी आणि टमाटर खाऊन राहिले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडले. मुलं खूष झाली, कारण पहिला तास बुडाला. शाळेतल्या बायका सल्ले द्यायला एका पायावर तयार. एकीनं मध-लिंबू सांगितलं, तेही बिनबोभाट पोटात गेलं. दुसरीनं दर गुरुवारी उपास करायला सांगितलं आणि उपासाला काय खायचं म्हटल्यावर साबुदाण्याची उसळ सांगितली. मी तिला म्हटलं, बाई, त्यापेक्षा साखरेचं पोतंच दे ना डोक्यावर. तेव्हापासून ती माझ्याशी फारशी बोलली नाही.

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा डॉक्टरीणबाई जरा वैतागल्या. वजन वाढलेलंच होतं. "ओट्स मिळत नाहीत तर ज्वारीची भाकर खा ना," त्या म्हणाल्या. "सोबत वरण, अंडी, पालेभाजी. खेड्यात राहता तुम्ही, तुम्हाला काय कमी."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले आणि बाहेर बघत आले. पराटी आणि सोयाबीन, सोयाबीन आणि पराटी. सगळी वावरं कापसाच्या झाडांनी भरलेली. ज्या वर्षांत कापूस सगळ्यांना रडवत होता, त्याच वर्षांत सगळे तोच पेरत होते. नवीन बियाणं आलं, भाव पडले, तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ज्वारी पेरायची म्हटली तर एकट्याच्या वावरात रानडुकरं आणि पाखरं उतरायची, सगळ्या शिवारात तेवढंच खाण्यासारखं उभं म्हटल्यावर दुसरं काय होणार. म्हणून कोणी पेरत नव्हतं. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळायचा. गावात जिला भाकर हवी होती अशी बहुधा मी एकटीच होते.

आणि गावात असती तरी आमच्या घरात ती आली नसती.

संध्याकाळी मी मायला सांगितलं, डॉक्टर ज्वारीची भाकर खायला सांगतात. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "जवारी या घरात येनार नाही."

"औषध म्हणून पाहिजे, माय."

"औषधाच्या गोया देल्ल्या ना त्याइनं? त्या खाय."

मी चिडले. मी म्हटलं, मानेचा मळ म्हणून माझी कातडी सोललीस, आता नीट खाऊही देणार नाहीस का. हे मी मुद्दाम म्हटलं, तिला लागावं म्हणून. तिला लागलं. तिनं कणीक झाकली, हात धुतले आणि मग जे कधीच बोलली नव्हती ते बोलली.

तिचं माहेर याच वस्तीतलं. तिच्या लहानपणी वस्तीतल्या बायका गावात पाटलाच्या मागच्या दारी भाकर मागायला जायच्या. दिवसभर काम करायचं, मजुरी म्हणून पायली-दोन पायली जवारी आणि संध्याकाळी उरलेली भाकर. ती हातात कोणी देत नसे. पदर पसरायचा आणि वरून भाकर टाकायची, हाताला हात लागू नये म्हणून. धम्म घेतल्यावर वस्तीनं बसून ठरवलं की आता कोणी मागायला जायचं नाही, मजुरी पैशातच घ्यायची. सगळ्यांनी पाळलं. पण एका वर्षी पीक बुडालं, घरात काही नव्हतं, आणि तिच्या आईनं तिला मागच्या वाटेनं एकटीला पाठवलं. पाटलाच्या म्हातारीनं भाकर टाकली. वाटेत वस्तीतला एक म्हातारा भेटला. त्यानं तिच्या पदराकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुढे गेला. तिनं भाकर नाल्यात टाकून दिली, घरी येऊन आईला सांगितलं की देल्लीच नाही, आणि सगळे उपाशी झोपले.

"तवाच ठरवलं म्या," ती म्हणाली. "लग्न झालं तं तुया बापाले पयल्या दिवशी सांगतलं. घरात गहू नसला तं उपाशी राहू, पन जवारी नाही. तुले पोई खाऊ घालून मोठं केलं. मले वाटलं लय चांगलं केलं."

त्या वेळी तिला जवळ घ्यावं असं मला वाटलं नाही, हे मी लपवत नाही. मला वाटलं, तुझ्या त्या भाकरीचा हिशेब माझ्या अंगानं का चुकवायचा? मी चोवीस-पंचवीस वर्षांची होते आणि मला बरं व्हायचं होतं.

बाबा जिनिंगमध्ये कामाला होते, कापसाच्या गठाणी उचलायचे. फारसं बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी माय बाहेर गेलेली पाहून ते म्हणाले, "जवारी गावात एकाच घरी हाये. बैल हाये त्याइच्याकडे, कडब्यासाठी पेरते थे." मग म्हणाले, "थे घर कोनतं, तुले समजलंच असन."

मला समजलं. मी नाताळच्या सुट्टीत तिथं गेले.

मायला भाकर टाकणारी म्हातारी कधीच गेली होती. आता तिची सून घर चालवत होती, माझ्या आईच्याच वयाची. मी तिला काकू म्हणायचे. मी पुढच्या दारानं गेले आणि तिनंही मला ओसरीवर बस म्हटलं. काळ बदलला होता असं म्हणायला हरकत नाही. जवारी पाहिजे म्हटल्यावर ती हसली.

"तुले? काहून, पोई गोड नाही लागून राह्यली का?"

"डॉक्टरनं सांगतलं, काकू. विकत द्या."

"विकत कायले? आमच्या घरी बी कोनी खात नाही आता. पोट्टे भाकर म्हटलं का तोंड वाकडं करते. दाने सारे कोठ्यात पडून हाये." मग ती जरा पुढे सरकली. "पैशाचं मी काय करू? पैसे देऊन बी बाया नाही भेटून राह्यल्या. पराटीत कवडी लटकून हाये सारी. मायले पाठव तुया. वेचा झाला का पाह्यजे तेवढी जवारी नेजा."

कवडी म्हणजे किडक्या बोंडातला शेवटचा डागळलेला कापूस. शेवटच्या वेचणीला बाया मिळायच्या नाहीत याचं कारण साधं होतं. मजुरी किलोवर, आणि झाडाला बोंडं तुरळक, तीही अळीनं पोखरलेली. दिवसभर वाकून ओटी भरत नाही. त्या वर्षी तर पहिल्या वेच्यालाच कापूस नव्हता. काकूचंही तोंड उतरलेलं होतं. तिनं वाईट हेतूनं काही मागितलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. तिच्याकडे जवारी होती आणि आमच्याकडे हात होते, एवढं सरळ गणित तिनं मांडलं. ती वाईट बाई असती तर मला सोपं गेलं असतं.

"माय येनार नाही," मी म्हटलं.

"पयले तं येत होती," ती म्हणाली, अगदी साधेपणानं.

"मी येतो वेचायले."

"तू? मॅडम ना तू?"

"सुट्ट्या हाये," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनं लुगडं कमरेला ओटीसारखं बांधून त्या वावरात उभी राहिले. सोबत दोन म्हाताऱ्या होत्या, ज्यांना दुसरीकडे कोणी कामाला बोलावत नव्हतं. त्यांनी मला वरून खालून पाहिलं आणि आपापल्या ओळीला लागल्या. सुकलेल्या बोंडाच्या कडा नखांच्या मुळाशी टोचतात. वेचणाऱ्या बायांची बोटं फिरतात कशी, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं, पण माझी फिरत नव्हती. दर बोंडाला काडीकचरा निघायचा आणि मी तो वेगळा करत बसायचे. दुपारपर्यंत माझ्या ओटीत जे जमलं ते पाहून एक म्हातारी म्हणाली, "बाई, एवढ्यात तं दिव्याची वात बी नाही होत." मी पण हसले. खरं तर मला बरं वाटत होतं. स्वतःच्या आजारासाठी मी स्वतः काही करत होते, कोणाच्या परवानगीशिवाय.

मायला कोणी सांगितलं माहीत नाही. ती वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून येताना दिसली तेव्हा दोन्ही म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. ती त्या वावरात लग्नानंतर कधी पाय ठेवत नसे. इतरांकडे कापूस वेचायला जायची, सोयाबीन काढायला जायची, पण या घराच्या वावराला वळसा घालून जायची. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कायले शिकवलं तुले?"

"मले बरं व्हायचं हाये, माय."

"मंग मले सांगाचं."

"तू आनू देल्ली असती का?"

"नसती देल्ली," ती म्हणाली.

मग तिनं माझ्या कमरेची गाठ सोडली. ओटी काढली, आतला कापूस न सांडता स्वतःच्या कमरेला बांधली आणि ओळीच्या सुरुवातीला जाऊन उभी राहिली. "घरी जाय. हात खराब होते," ती म्हणाली, आणि वाकली. मी तिथंच उभी होते. मी तिला थांबवू शकले असते. म्हणू शकले असते की राहू दे माय, नको मला जवारी, मी गोळ्यांवर भागवीन. पण मला जवारी हवी होती. मी घरी गेले.

तो वेचा तिनं पुरा केला. जवारीचं पोतं बाबांनी सायकलवर आणलं आणि दळूनही त्यांनीच आणलं. मायनं पोत्याला हात लावला नाही. मी भाकर थापायला बसले तर ती तव्यावर जायच्या आतच तुटायची. मायला ते बघवेना. "सरक," म्हणाली. तिनं पीठ घेतलं, गरम पाणी टाकलं, मळलं, आणि परातीत भाकर अशी फिरली की मी बघतच राहिले. इतकी वर्षं तिनं ती केली नव्हती आणि तिच्या हातांना सगळं ठाऊक होतं. तिच्या तोंडावर मात्र काही नव्हतं. भाकर फुगली तशी तिनं ती माझ्या ताटात टाकली नाही, हातानं ठेवली, आणि स्वतःच्या ताटात पोळी घेतली.

त्यानंतर रोज हेच. सकाळी भाकर आणि अंबाडीची नाही तर पालकाची भाजी, डब्यात भाकर आणि घट्ट बेसन, संध्याकाळी अंडी किंवा तुरीच्या सोल्याची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी. चहा बिनसाखरेचा. एसटी गावाच्या अलीकडे सोडून मी फाट्यावरून चालत यायचे. गोळ्याही होत्या. हळूहळू दुपारची झापड गेली, वजन उतरलं, आणि पाळी यायला लागली, पहिल्यांदा चुकतमाकत आणि मग महिन्याच्या महिन्याला. मानेचा पट्टा फिका झाला. हनुवटीचे केस मात्र राहिले, ते अजून आहेत.

डॉक्टरीणबाई खूष. बाहेर बसलेल्या एका मुलीला त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, "हिच्याकडून शिक. याला म्हणतात विलपॉवर." मी मान डोलावली. माझी विलपॉवर त्या वेळी पराटीत वाकून कवडी वेचत होती. कारण पोतं संपलं होतं, आणि पुढच्या वर्षी, आणि त्याच्या पुढच्याही, शेवटच्या वेच्याला माय न बोलावता त्या वावरात जात होती. जवारी मिळवायची दुसरी वाट गावात नव्हती. शेजारणींनी तिला टोमणे मारले, वस्तीतले एक-दोघं घरी येऊन बाबांशी बोलून गेले. ती कोणालाच काही सांगायची नाही. माझी पाळी आणि माझं इन्सुलिन ती कोणाला सांगणार होती? लोक समजले की बाईचं डोकं फिरलं, जुन्या दारी परत गेली.

माझ्या लग्नाचं पुढे काय झालं ते इथं सांगायचं कारण नाही. मला जिल्हा परिषदेत नोकरी लागली आणि मी यवतमाळला राहायला आले. गावातल्या त्या घरानं बैल विकले, कडब्याची गरज संपली आणि जवारी पेरणंही संपलं. आता मी ती दुकानातून आणते. गव्हापेक्षा महाग मिळते. पांढऱ्या पाकिटात, वर हिरवं पान छापलेलं. शाळेतल्या बाया मधल्या सुट्टीत डबे उघडून एकमेकींना सांगतात की भाकर किती हेल्दी, आपले पूर्वज किती शहाणे. मी काही बोलत नाही. बोलले तर मधली सुट्टी पुरायची नाही.

बाबा गेल्यावर मायला मी माझ्याकडे आणलं. ती वाळत चालली होती, सारखी तहान लागायची, पायाला मुंग्या यायच्या. मी तिला जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. साखर इतकी वाढलेली होती की डॉक्टरीणबाईंनी आधी मलाच फैलावर घेतलं. तुम्ही एवढं पथ्य पाळता आणि घरात आईकडे लक्ष नाही? मग त्या मायकडे वळल्या आणि समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "आजी, पोळी सोडा आता. मुलीसारखी ज्वारीची भाकर खा. बघा ती कशी बरी झाली."

मायनं हात जोडले. "मॅडम, गोई वाढवा. सुई लिहून द्या, रोज टोचून घेतो. भाकर नका सांगू."

घरी आल्यावर मी भांडले. मी भांडते तेव्हा नीट भांडते. मी म्हटलं, माझ्यासाठी त्या वावरात वाकलीस, आता स्वतःसाठी एक भाकर खाता येत नाही? पाय गेले तर कोण करणार? डोळे गेले तर? तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू खाते थे औषध हाये," ती म्हणाली. "तुले कोनी वरून टाकून नाही देल्ली."

"आता कोण टाकते, माय? माझ्या पगाराची आणते मी. पुढच्या दारानं."

"मालूम हाये मले. म्या खाऊन पाह्यली."

मी हातातली गोळ्यांची पिशवी खाली ठेवली.

"तू शाळेत गेली होती तवा. तुया डब्यातली उरली होती. चांगली झालती. पन तोंडात गेली का मले थे मागचं दारच दिसते. थो म्हातारा मान खाली घालून जाते. गिळवतच नाही. म्या काय करू, सांग?"

तिनं आयुष्यात कधी मला असं विचारलं नव्हतं. कोणत्या धान्यानं साखर किती वाढते, किती वेळ राहते, हे सगळं मला येतं. शाळेत मी त्यावर भाषण दिलं आहे. ज्या दाण्यानं मला बरं केलं तो तिच्या तोंडातून कायमचा काढून घेतला गेला आहे, आणि ज्यांनी काढला त्यांच्यातलं कोणी आता जिवंतही नाही की मी जाऊन चार शब्द सुनवीन. मायवर मात्र त्या दिवसापासून मी चिडत नाही.

तिची साखर उतरत नाही. गोळ्या वाढल्या, इन्सुलिन लागलं, सकाळ-संध्याकाळ सुई मीच देते. भात बंद केला, चहातली साखर बंद केली, ते तिनं मुकाट्यानं ऐकलं. संध्याकाळी एकाच तव्यावर मी आधी माझी भाकर भाजते, मग तिच्या दोन पोळ्या, पातळ लाटून, बिनतेलाच्या. ती हळूहळू जेवते. परवा तिनं आणखी एक मागितली. आदल्याच दिवशी तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम बघून, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या ते मला आठवत होतं. मी ती वाढली.